मिठाच्या कोठारातला खेळ

खण्ण... असा आवाज झाला आणि भिंतीत शिरल्यासारखा कितीतरी वेळ घुमत राहिला. लोखंडी अडसर पडल्याचा आवाज तो. किती वर्षं झाली त्याला, पण अजून कुणी म्हणालं ना, 'काका, आम्ही घरातच थेटर केलंय, खास खोली बांधलीय, भिंतींना गाद्या लावल्यात, दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, या एकदा बघायला', की मी आधी विचारतो, दार आतनं उघडतं ना? बाहेरचं आत ऐकू येत नाही म्हणता, पण मग आतलं बाहेर कुणाला ऐकू जाणार? याचा विचार केलाय कुणी? मी तसा कमी बोलणारा माणूस, शाळेत चौथीसुद्धा धड झाली नाही, एक वाक्य बोलायचं तर आधी दोनदा आवंढा गिळतो... पण या विषयावर मला बोलू द्या, मधे थांबवू नका, थांबलो की परत भीती वाटायला लागते.

तुम्हाला सांगतो, सिनेमा बघावा तर तंबूत. तंबूत एक बरं असतं, कनात उचलली की माणूस बाहेर.

आमचं नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली. आम्ही शहाडकडचे, नदीकाठी भातशेती, घरात मी आणि आई. बायको शकू, ती ठाण्याची, खाडीवरच्या मिठागरवाल्या परशुरामशेठची एकुलती एक. एवढ्या मोठ्या घरची मुलगी आमच्या घरी कशी आली ते मला अजून कळलेलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही, न जाणो विचारलं आणि तिच्याही लक्षात आलं तर... तर तिला सिनेमाचं भारी वेड. कल्याणला तंबू लागला की मी गाडी जुंपायचो. आत गेलं की बायका त्या बाजूला, पुरुष या बाजूला, मधे दोरीवर कापड, आणि सगळे मातीवर. मला सिनेमा फारसा कळायचा नाही, खरं सांगतो, राक्षस आला की मी डोळेच मिटून घ्यायचो. पण कापडाच्या पलीकडून शकूचं हसू यायचं. एवढ्या बायकांत तिचं हसू मला बरोबर ओळखू यायचं, आधी उचकी लागल्यासारखं, मग एकदम मोकळं. त्यासाठी मी जायचो हो, नाहीतर माझं काय काम तिथं? आणि फारच भीती वाटली तर कनात उचलायची, बाहेर यायचं, समोर आपली गाडी, आपले बैल, रवंथ करतायत, ते बघितलं की जीव भांड्यात पडायचा.

पण ही गोष्ट गेली सासऱ्यांच्या कानावर. ते ओरडायचे नाहीत, हळू बोलायचे, त्याचीच जास्त भीती वाटायची. म्हणाले, 'परशुरामाची पोर मातीत बसून, बिड्यांच्या धुरात खेळ बगते? नाय जमायचं.' आणि काय केलं असेल त्यांनी? घरामागं त्यांचं मिठाचं जुनं कोठार होतं, हातभर जाड भिंती, त्याच्या खिडक्या बुजवून टाकल्या, समोरच्या भिंतीला पांढरा चुना दिला, मुंबईहून एक जुनं मशीन आणलं, त्याबरोबर एक जुना राक्षसाचा सिनेमा आणला, आणि आम्हाला निरोप धाडला. शकूला आधी पाठवा, जावयबापूंनी दिवाळसणाला यावं.

निघताना आईनं मला समोर बसवलं. 'राघो, नीट ऐक. मोठ्या घरी चाललास, तोंड उघडू नको. वाढतील ते खा. सासरे उठल्याशिवाय बसल्या जागेवरनं उठू नको, आपल्यात तसं करत नाहीत. आणि शकूला घेऊनच ये. पहिल्या सणाला माहेरी राहिलेली मुलगी, ती कसली परत येते.' आता मला सांगा, तोंड उघडायचं नाही आणि बायको घेऊन यायची, ही दोन कामं एका माणसाला कशी जमावीत?

पाडव्याला भर दुपारी जेवणं झाली आणि मला त्या कोठारात नेलं. बाहेर लख्ख ऊन आणि आत पाऊल टाकलं तर विहिरीत उतरल्यासारखा गारवा. दिवाळसणाचा जावई म्हणजे मानाचा, म्हणून माझी खुर्ची सगळ्यांत पुढं. किती पुढं? हात लांब केला तर भिंतीला लागेल इतकी पुढं. माझ्या मागं सासरे, त्यांच्या मागं सासूबाई आणि शकू, आणि सगळ्यांत मागं दाराजवळ मशीन घेऊन धाकू. धाकू म्हणजे मिठागरावरचा मुकादम, पण मशीन चालवायला त्यालाच शिकवलेलं. तो वाकून माझ्या कानात म्हणाला, 'घाबरू नका जावयबापू. ही जुनी फिल्म पेंढ्यासारखी पेटते, पण मी हाय ना, ओली गोणपाटं घेऊनच बसतो.' असा धीर देतात का कुणाला? मी तोपर्यंत घाबरलोसुद्धा नव्हतो फारसा. मग उजेड येऊ नये म्हणून दार लावलं आणि त्याला तो अडसर घातला. खण्ण...

तंबूत एक बरं असतं. इथं काय उचलणार, भिंत?

सुरू झाला खेळ. इतक्या जवळून सिनेमा बघितलाय कधी तुम्ही? राक्षसाचा एक एक दात माझ्याएवढा. तंबूत राक्षस आला की चारशे माणसांत वाटला जातो, तुमच्या वाट्याला थोडाच येतो, इथं अख्खा माझ्या अंगावर. डोळे मिटावेत तर मागून सासरे बघतायत. आणि मिठाच्या कोठाराची भिंत ती, वर्षानुवर्षं खारं पाणी प्यायलेली, तिला चुना किती धरणार? राजकन्या रडायला लागली आणि तिच्या नाकावरचा पोपडा सुटून माझ्या मांडीवर पडला. मी तो मुठीत धरला. दुसऱ्याच्या घरची वस्तू, टाकणार कुठं?

संपला एकदाचा खेळ. धाकूनं दिवा लावला. मी बसून राहिलो, कारण सासरे उठले नव्हते. सासरेही बसून राहिले. का बसले, ते मला काय ठाऊक? बराच वेळ आम्ही सगळे कोऱ्या भिंतीकडं बघत बसलो. मग सासरे हळूच म्हणाले, 'जावयबापूंचं मन भरलेलं दिसत नाय. धाकू, लाव परत.'

परत तोच राक्षस, तेच दात. यावेळी राजकन्येला नाक नव्हतं. मी कान मागं लावून बसलेलो, म्हटलं शकू एकदा तरी हसेल. विदूषक झाडावरनं पडला, तंबूत त्या जागी माणसं लोळली असती. शकू हसली नाही. मला त्याची राक्षसापेक्षा जास्त भीती वाटली. हसत का नाही ही? इथं राहायचं ठरलं म्हणून गप्प आहे, की माझ्यावर रागावलीय? आणि तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज अगदी कानाशी, 'जावयबापू, शकू आता हितंच राहील म्हणतो मी. तुमी बी राहा. सकाळी मिठागर बगायचं, दुपारी खेळ बगायचा. तुमच्या आईचं बगू काहीतरी.' आई म्हणाली होती तोंड उघडू नको, ते राहू दे बाजूला, मला उघडता येत नव्हतं हो. मागून सासूबाई म्हणाल्या, 'काय बोलत नायत का?' सासरे म्हणाले, 'लाजतायत. राहतील. धाकू, लाव परत.'

म्हणजे बघा, मी गप्प बसलो की होकार, आणि बसून राहिलो की अजून एक खेळ.

तिसऱ्या वेळी राक्षस गदा उचलून तसाच थांबला. मला वाटलं, दमला असेल, मीही दमलो होतो. मग त्याच्या कपाळावर तपकिरी डाग पडला, तो पसरत गेला, डोळे गेले, दात गेले, आणि वास आला. धाकू म्हणाला, 'पेटली.' एवढंच. मशीन बंद, सगळीकडं काळोख, मागं लाल ज्वाळ, आणि डोळ्यांत झोंबणारा धूर.

तंबूत असतो तर एव्हाना बैलांजवळ असतो मी.

आणि कुणी उठेना. मी खोकतोय, सासरे खोकतायत, दोघं बसलेले. मी म्हटलं, 'मामा, उठता का?'

'तुमी उठा आधी, जावयबापू.'

'मी कसा उठू मामा, तुम्ही मोठे.'

'दिवाळसणाचे जावई तुमी. तुमाला बसवून मी उठलो तर चार माणसं काय म्हणतील?'

'नको मामा, चांगलं दिसायचं नाही.'

'मग बसा. मी बी बसतो.'

धाकू मागून गोणपाटं आपटतोय, म्हणतोय, 'अरे कुणीतरी उठा रे, पाहुणचार बाहेर करा', आणि मी देवाशप्पथ सांगतो, बसून होतो. शेवटी शकूचा आवाज आला. 'अहो, आमच्याकडं जावई उठल्याशिवाय कुणी उठत नाही. आईला श्वास घेता येत नाही. उठा ना.'

तेव्हा कळलं. दोन घरांच्या दोन रीती, आणि मधे आम्ही भाजून निघणार. उठलो. पायांना मुंग्या आलेल्या, दोन्ही पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे, तसाच आपटत दाराशी गेलो, अडसर कसा काढला आठवत नाही, आधी सासूबाईंना बाहेर काढलं, मग शकूला, आणि सासरे माझ्या मागून आले, तेसुद्धा मी उंबरा ओलांडल्यावर.

धाकूनं आग विझवली. कुणाला काही झालं नाही. बाहेर मिठाच्या राशी उन्हात चमकत होत्या आणि त्यांच्यापुढं आम्ही सगळे कोळशासारखे काळे. नवं धोतर गेलं. राजकन्येचं नाक अजून माझ्या मुठीत.

सासऱ्यांनी तोंड पुसलं आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, 'मशीन दुरुस्त करू. वाटलं तर खिडकी पाडू. शकू, तूच सांग. हितं खुर्ची हाय, तिकडं माती. काय करतंस?'

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मला फक्त 'घरी चल' म्हणायचं होतं. दोन शब्द. किती मोठे असतात दोन शब्द? दोनदा आवंढा गिळला, तिसऱ्यांदा गिळला, तोवर शकू वळून घरात गेली. सासूबाई म्हणाल्या, 'गेली आत. राहते पोर.' मी मान हलवली. आईला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागलो, तेसुद्धा जुळेना. इतका घाबरलो होतो की आगीत बसलो होतो तेव्हाचं बरं होतं, निदान तिथं ती मागं बसलेली आहे हे ठाऊक होतं.

मग शकू बाहेर आली. तोंड धुतलेलं, काखेत गाठोडं. घाईत बांधलेलं असणार, कारण त्यातून एक बाही लोंबत होती, आणि ती माझ्या जुन्या सदऱ्याची होती, शकू माहेरी आल्यापासून घरी सापडत नव्हता तो. वडिलांच्या पाया पडली, आईच्या पाया पडली. माझ्याकडं बघितलं नाही.

सासरे मला म्हणाले, 'तुमी काय बोललात तिला?'

म्हटलं, 'काही नाही मामा.'

'मी बी नाय.'

आणि आम्हा दोघांच्या मधून, कुणाला एक शब्द न बोलता, ती स्टेशनच्या रस्त्याला लागलीसुद्धा... मी आपला एका पायात माझी आणि एका पायात सासऱ्यांची चप्पल घालून तिच्या मागोमाग.