त्यांना माझं रक्त जुळलं

मी मैंदर्गीची. घरात कानडी, बाजारात मराठी, तवा दोन्ही येतंय मला, पर ऐकनारं मानूस एकाबी भाषेत गावलं न्हाय. आता तुमी इचारताय म्हनून सांगते. त्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्साला लगीन करून सोलापुरात आले. मालक बाजारात तोलार, आडतीवर धान्य तोलायचं काम, क्विंटलचं पोतं गुडघा लावून काट्यावर चढवनारं मानूस, पाच वर्सं संसार झाला, आन मग त्येंच्या हिरड्यातनं रक्त यायला लागलं.

आदी वाटलं दात हाय. लवंग लावली. मग मांडीवर निळं डाग, मग ताप, मग डाव्या कुशीत पोट फुगलं, पोतं उचलंना. मोठ्या दवाखान्यात डाक्टरनी छातीच्या हाडात सुई घालून बघितलं आन मला बाजूला घेऊन म्हनलं, बाई, रक्ताचा कॅन्सर हाय. मी म्हनले तो तंबाकूनं हुतो की, हे तर पानबी खात न्हाईत. ते म्हनले तसं नसतंय, गोळ्या देतो, कदी उतरंल, कदी चढंल, पर आज रक्त भरलंच पायजे.

दोन दीर. थोरलं म्हनलं मला सुई बघून चक्कर येती. विंचू चपलेनं मारतंय आन सुईला भितंय. धाकटं दुधनीला गेलं ते चार दिस आलंच न्हाय. मग मी हात पुढं केला, तपासलं, जुळलं. तवर सासू, आमी अत्ती म्हनतो, ती आली आन म्हनली, तुजं रक्त त्येच्यात गेलं तर तुमी एका रक्ताची हुनार, बहीण-भाऊ हुनार, मग कुंकू कुनाचं लावशील? नर्सबाई हसली. मला न्हाय हसू आलं, मलाबी ते खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पर म्हनलं बहीण तर बहीण, मानूस ऱ्हाऊ दे. आन दिलं.

मालक उठलं. गोळ्या लागू पडल्या, पोट उतरलं, चार म्हयन्यात परत काट्यावर. सारी आळी म्हनली देवानं वाचिवलं. देवानं, बरं का. आन अत्तीनं माजं हातरून सैपाकघरात टाकलं. गोळी मी द्यायची, ताट मी वाढायचं, पर पाठ चोळायला गेले की अत्ती खाकरायची. नागपंचमीच्या आदल्या दिशी भावाचा उपास असतोय की, तर थोरली जाऊ सगळ्यांम्होरं म्हनली, हिला बरंय, हिचा भाऊ घरातच हाय. बायका हसल्या. मालक तितंच भाकरी खात हुते, त्येनी मान वर केली न्हाय. मागनं म्हनले, आईचंच खूळ हाय ते, म्हातारी हाय, जाऊ दे. काय सांगू तुमाला, त्या आजारापरीस त्या खाली घातलेल्या मानंचा राग मला जास्ती हाय, अजून हाय.

दीड वर्सानं परत चढलं. परत रक्त, आन परत दिरांची तीच तऱ्हा. ह्या बारीला अत्ती स्वतःच म्हनली, झालीच हायस बहीण, दे आनकी. दिलं. तीनदा दिलं. तिसऱ्या बारीला लागू पडलं न्हाय. मालक शेवटाला मला म्हनले, तुजा हात गार लागतोय. एवडंच.

मानूस गेलं आन बायका मला दारातल्या दगडापाशी घेऊन बसल्या. अत्तीनं माजं मनगट धरलं. मी म्हनले, अत्ती, मी तर बहीण न्हवं का? भाऊ मेल्यावर बहिनीच्या बांगड्या कोन फोडतंय? थोरल्या जावंनं दुसरा हात धरला. मग फोडल्याच. जित्तं हुते तवर बहीण, मेल्यावर बायको.

वर्सश्राद्ध झालं आन मी बाजारात कासाराकडं जाऊन दोन्ही हात भरून आले. आता मी खानावळीला कडक भाकरी करून देते, माज्या हातचं खाते. अत्ती माज्याजवळच हाय, दोन्ही ल्योकांनी ठिवली न्हाय. हात भरून आले तवा तिनं इचारलं, ह्या बांगड्या कुनाच्या नावानं गं? मी म्हनले, भावाच्या. त्या दिसापास्नं तिनं परत इचारलं न्हाय. भाकरी थापताना एकादी बांगडी वाढती, मग मी दुसरी भरते.