भिंतीला ताप

...नाही, पण मला एक सांगा, जावयाला सासुरवाडीत साधा कूलर लावायचा असेल तर त्यानं अख्ख्या घराची परवानगी काढायची का हो? मी काढलीय! लग्नानंतर पहिल्यांदा इथे जळगावला, पिंप्राळ्यात आलो, धुळ्याहून एसटीत उभ्यानं, वैशाखातलं ऊन, शर्ट पिळला असता तर बादली भरली असती... म्हटलं जरा कूलर लावावा. बटणाकडे हात नेला मात्र, तीन बाजूंनी तीन आरोळ्या! "थांबाऽऽ!" एक स्वयंपाकघरातून, एक न्हाणीतून, एक थेट गच्चीवरून! मला वाटलं बटणावर विंचू बसलाय! तेवढ्यात हेमांगी, म्हणजे आमची मंडळी, तेव्हा नवीकोरी नवरी, ती कानाशी येऊन कुजबुजली, "अहो, असं नाही लावायचं. आधी विचारायचं." म्हटलं, कुणाला विचारू, कूलरला? तर म्हणे, "मोठ्यानं म्हणायचं, लावू का? आणि वाट बघायची."

लावू का! तुम्हाला सांगतो, या घरात देवाचं नाव घेतलं जात नसेल तेवढं हे वाक्य घेतलं जायचं. मोटर चालू असली की मिक्सर नाही, मिक्सर फिरत असला की इस्त्री नाही, इस्त्री तापली की फ्रिजनं गुमान पडून राहायचं. आणि हा सगळा कारभार कुणाच्या डोक्यात? आमच्या सासूबाईंच्या! पोळपाटावरची नजर न हलवता! "आई, मिक्सर लावू का?" "थांब, मोटर चालू शे!" "आई, इस्त्री लावू का?" "कूलर बंद कर, मंग लाव!" माहेर त्यांचं पिंपळनेरचं, त्यामुळे माझ्याशी बोलताना पुस्तकातलं मराठी आणि घाईत असल्या की अहिराणी. अहो, चौकातला पोलीस शिट्टी फुंकून फुंकून थकतो, तरी गाड्या अंगावर येतात. ही बाई आयुष्यभर भाकरी थापता थापता वाहतूक सांभाळत होती आणि एकदाही अपघात नाही! शेजारच्या कुंदाबाईंना तर स्वतःच्या घरात बसून कळायचं, आज आमच्याकडे चटणी आहे का धुणं आहे.

आता हे सगळं कशापायी? तर नानांच्या बोर्डापायी. नाना म्हणजे आमचे सासरे. डाळ मिलमध्ये फिटर होते, जन्मभर मशिनं उघडली आणि मिटली. हे घर त्यांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं होती म्हणतात, आणि पुढच्या खोलीतला विजेचा बोर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला. सागवानी फळी, त्यावर काळीभोर बटणं, चिनीमातीचे पांढरेशुभ्र फ्यूज. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात ना? नाना आधी बोर्डाला घालायचे! आणि कुणी चकार शब्द काढला की, "पाहुणे, हा बोर्ड आहे बोर्ड! ते तुमचं आजकालचं प्लास्टिक नाही, दोन उन्हाळ्यांत वाकायला!"

खरं आहे, नव्हता वाकला! पण नाना, तो बसवला तेव्हा घरात होतं काय? चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ! नंतर फ्रिज आला, मोटर आली, गिझर आला, कपडे धुवायचं मशिन आलं, कूलर एकाचे दोन झाले... बोर्ड तोच! बैलजोडी एक आणि गाडीमागं गाडी जोडत चाललोय! मग फ्यूज उडायचा. उडणारच. आता फ्यूज म्हणजे काय हो? घरासाठी मरायला ठेवलेला गडी. भार वाढला की त्यानं जीव द्यायचा आणि घर वाचवायचं. पण नानांना त्याचं ते मरणं बघवेना! एकदा उडाला, त्यांनी तारेचा एक पदर जास्त घातला. परत उडाला, आणखी एक पदर. शेवटी अशी जाडजूड तांब्याची वेणी घातली की वीज पडली तरी तो हलायचा नाही. आणि वर मिशीत हसून सगळ्या गल्लीला सांगतात, "बघा, वर्षभरात एकदा उडाला नाही. सुधारला बोर्ड!"

सुधारला! गल्लीला पटलं, मला पटलं, हो, मलाही पटलं. मी धुळ्यात मोबाइल विकतो, मला बोर्डातलं काय कळतं? फक्त एका माणसाला पटलं नव्हतं. सासूबाईंना.

तुम्हाला सांगतो, त्या बाईला कसं कळलं असेल याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आधी त्यांच्या लक्षात आलं की बोर्डामागची पाल निघून गेली. पिढीजात पाल हो, तिथेच राहायची, एक दिवस उठून देवघरात गेली! आपण काय म्हणालो असतो? बरं झालं. ह्या म्हणाल्या, "ती उगाच नाही गेली." मग फ्रिज घुरघुरला की ट्यूबलाइट डोळा मारायला लागली. मग बटणाच्या कडा पिवळ्या पडल्या. आणि मग आला तो वास! भर दुपारी, घरात, वाळलेले बोंबील भाजल्याचा वास! आता सासूबाई माळकरी. त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट कुंदाबाईंच्या दारात. "कुंदा, बोंबील भाजतेस ते भाज, पण खिडकी तरी लाव!" कुंदाबाई पेटल्या! "वहिनी, आज एकादशी आहे माझी! साबुदाणा भिजवलाय! या, पातेलं हुंगून जा!" आणि आमच्या सासूबाईंनी खरंच आत जाऊन पातेलं हुंगलं! साबुदाणाच होता. परत आल्या, बोर्डाखाली उभ्या राहिल्या, तिथे हुंगलं... आणि वास तिथूनच! वायरीवरचं प्लास्टिक आतल्या आत भाजायला लागलं की तसाच वास येतो म्हणे. मला कुठे माहीत होतं? तुम्हाला होतं का?

त्या दिवसापासून त्यांचा एक नेम झाला. तिन्हीसांजेला दिवा लावला की बोर्डापाशी जायचं आणि भिंतीला हात लावायचा. असा, उलटा. पोराच्या कपाळाला लावतात ना, तसा. नाना म्हणायचे, "काय बघतेस?" त्या म्हणायच्या, "ताप आहे." नाना हसायचे. "भिंतीला कुठे ताप येतो का, येडे!"

तर असं चाललं होतं आणि आमच्याकडे गोड बातमी आली. हेमांगीला दिवस गेले! पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, यात विचारायचं काय? सासूबाईंनी डिंक आणला, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, झबल्यांचा ढीग केला. पण हिशोब बघा कसा आला... ऐन मे महिन्यात! जळगावचा मे! इथे कावळासुद्धा सावली बघून ओरडतो! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला उन्हाचा त्रास होतोय, थंड खोलीत ठेवा. मग काय, मी एसी घेतला, टेम्पोत घातला आणि आलो इथे वाजतगाजत. नाना खूश! "बसवा! माझा बोर्ड पेलतो!" लगेच कारभार आखायला बसले. एसी चालू तेव्हा मोटर बंद, फ्रिज बंद, मिक्सर तर बघायचाच नाही, आणि रात्री कुणी पंखा लावायच्या आधी काय विचारायचं? मी म्हटलं, लावू का. "शाब्बास, जावईबापू!"

सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "एसी या घरात लागणार नाही."

नानांनी हात झटकला. "तुला काय कळतं त्यातलं?"

झालं! इथे दुसरी बाई असती तर भांडली असती, नाहीतर डोळ्याला पदर लावला असता. ह्यांनी काय केलं? फोन उचलला आणि सगळ्यांसमोर धुळ्याला माझ्या आईला लावला. "विहीणबाई, एक मागणं आहे. हेमांगीचं बाळंतपण तुमच्याकडेच होऊ द्या."

अहो, पहिलं बाळंतपण आणि माहेर नको म्हणतंय? आपल्याकडे? तिकडे माझी आई फोनमध्ये, "अहो, असं कसं? आमचं काही चुकलं का? लोक काय म्हणतील?" आणि ह्या एकदम शांत. "तुमचं काही नाही चुकलं. माझ्या घराला ताप आहे." फोन ठेवला. नाना ताडकन उठले, "अगं, गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाही?" तेव्हा फुटला हो सासूबाईंचा आवाज! "मनी आंडेर ह्या घरमा येवाव नही!" माझी लेक या घरात येणार नाही! अन् म्हणाल्या, "लोक इचारतीन तं सांगा, नानाना बोर्ड भारी शे!"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, या बाईनं काय पणाला लावलंय. आत डब्यात लाडू भरून ठेवलेले. दुपट्यांना ऊन दाखवून घड्या केलेल्या. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तेल घालायचं, एवढ्या एका सुखासाठी ही बाई महिने मोजत होती, आणि तेच सुख तिनं आपल्या हातानं आमच्या आईच्या ओटीत टाकलं! का? तर लेक जिवंत राहावी म्हणून.

मग त्या पुढे झाल्या, नानांचं मनगट धरलं, आणि तो हात बोर्डाशेजारच्या भिंतीवर ठेवला. "हात लाई देखा."

नाना काही बोलतायत का आता, म्हणून मी बघतोय. तर ते भिंतीवरचा हात काढेनात. अहो, फिटरचा हात तो! जन्मभर मशिनवर हात ठेवून बेअरिंग गेलंय का सांगणारा. त्या हातानं एवढी वर्षं सगळ्या मिलची मशिनं तपासली, फक्त स्वतःच्या घराची भिंत तेवढी तपासायची राहिली होती. मग नानांनी स्टूल ओढलं, मेन बटण स्वतः खाली पाडलं आणि स्वतः फळी उघडली. आत काय? वायरींवरचं कवच हात लावला की पापडासारखं मोडतंय, मागचं लाकूड कोळशासारखं काळं! सासूबाईंनी नुसतं बघितलं. 'मी सांगत होते' म्हणायला जगातली प्रत्येक बायको जन्म काढते, ती वेळ आयती चालून आली, आणि ही बाई काय म्हणाली? "चहा टाकते."

मग वायरमन आला, झिपरू नावाचा, मेन लाइनपासून सगळी वायर नवी, वीज कंपनीत अर्ज करून भार वाढवून घेतला, अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, आणि भिंतीवर पांढरा डबा बसला. आत ओळीनं बटणं. मोटरचं वेगळं, गिझरचं वेगळं, एसीचं वेगळं. भार जास्त झाला की ज्याचं त्याचं बटण खाली पडतं, आणि कुठे शॉक बसला तर डोळा लवायच्या आत सगळं बंद. नाना एका कोपऱ्यात, मान खाली. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे आता फ्यूज बांधायचा नाही कुणी?"

अहो, गल्लीत फ्यूज उडाला की 'नानाऽऽ' अशी हाक यायची, त्या हाकेवर तर निवृत्तीनंतर हा माणूस जगत होता! सासूबाईंना ते नेमकं कळलं. म्हणाल्या, "ती कुंदा परवापासून म्हणते, तिच्याकडे पण बोंबलाचा वास येतो. जा, तिची भिंत बघून या." नाना गेले. उलटा हात लावला. "ताप आहे!" मग तिच्या पलीकडचं घर, मग त्याच्या पलीकडचं... आता तर पार आसोदा गावाहून लोक येतात हो बोलवायला! नाना जातात, पाल कुठे राहते विचारतात, भिंतीला हात लावतात, आणि पहिलं औषध सांगतात, "ती जाड तार आधी काढा! कोणत्या मूर्खानं घातली?"

आणि हेमांगी आली. माहेरीच आली. मुलगी झाली, गोरीगोमटी, आजीच्या नाकाची! एसी सुरू, मोटर सुरू, मिक्सर सुरू, कुणी कुणाला विचारत नाही लावू का! पण जगात न्याय नाही हो. बाळ बघायला गल्लीतल्या बायका येतात त्या भर दुपारी, आणि त्या खोलीत एकदा बसल्या की ऊन उतरेपर्यंत हलत नाहीत! बाळ झोपलंय, बाळाची आई झोपलीय, कुंदाबाईसुद्धा झोपल्यात! मी आज सकाळी धुळ्याहून निघालो, आत डोकावलो, तर सासूबाई ओठावर बोट ठेवून, "जावईबापू, आत बायका आहेत. बाळ कुठे पळून चाललंय का? तुम्ही ओट्यावर बसा, नाना येईपर्यंत आलेल्या लोकांना धरून ठेवा." आता त्यांनी ठरवलं म्हणजे ठरलं, नाही का? एसी माझा, पोर माझी, आणि मी इथे भर उन्हात तुमच्याशी बोलत बसलोय... चला, सरका जरा सावलीत, आणि सांगा, पहिला नंबर कुणाच्या भिंतीचा?