राजाची आग्या

श्यामला : परत सांगते, ती ‘आग्या’ म्हणाली. राजाने प्रधानाला आग्या दिली! मघाशी माझ्यासमोर वाचलं आणि उड्या मारत खाली खेळायला गेली.

सलिल : आई, सात वर्षांची आहे ती. चुकतो एखादा शब्द.

श्यामला : चुकली असती तर अडखळली असती. ही खणखणीत म्हणाली. बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेत मी. मूल आपलं आपण चुकलं की वेगळं ऐकू येतं आणि कोणी शिकवलेलं चुकलं की वेगळं. आपल्यात आज्ञा म्हणतात. आग्या मोहोळ असतं.

सलिल : चहा टाकू का?

श्यामला : मंडईपासून विश्रांतवाडीपर्यंत दोन बस बदलून मी चहा प्यायला आलेली नाही. ही वही कसली?

सलिल : शाळेची. रोज पंधरा मिनिटं घरी मराठी वाचून घ्यायचं. पालकांनी शेरा लिहायचा, सही करायची.

श्यामला : ‘छान वाचले.’ सोमवारी छान वाचले. मंगळवारी छान वाचले. अख्खा महिना छान वाचले. एखाद्या दिवशी नुसतं बरं वाचलं नाही का तिने?

सलिल : रोज छानच वाचते.

श्यामला : आणि शेरा लिहिलायस की चित्र काढलंयस? वरचं बघून खाली उतरवल्यासारखं वाटतंय.

सलिल : तू कशाला आली आहेस, तपासणीला?

श्यामला : चोराच्या मनात चांदणं. बरं, ती बाई कोण?

सलिल : कुठली बाई?

श्यामला : गुरुवारी फोनवर स्वराली म्हणाली, ‘संध्याकाळी बाई वाचून दाखवते, मग बाबा आणि मी म्हणतो.’ तुझी बायको ऑफिसच्या कामाला महिनाभर बंगळुरूला. आणि इकडे घरात हिंदी वळणाची बाई!

सलिल : आई! काहीही काय!

श्यामला : म्हणून विचारतेय.

सलिल : शिकवणी लावली आहे. मॅडम येतात.

श्यामला : नाव काय?

सलिल : ...मॅडमच म्हणतो आम्ही.

श्यामला : असं का? खालच्या वॉचमनला विचारलं मी येताना. संध्याकाळी तुमच्याकडे कोणी येत नाही म्हणाला.

सलिल : तू वॉचमनला विचारलंस?

श्यामला : तुला विचारून काय कळलं आत्तापर्यंत?

सलिल : मोबाईल आहे तो! पानाचा फोटो काढला की आतली बाई वाचून दाखवते. मराठीचा आवाज नीट लागेना, म्हणून हिंदी लावला. झालं समाधान?

श्यामला : अर्धं झालं. तुला तोंड आहे, डोळे आहेत, घरी बसून कामही आहे. मग यंत्र कशाला? कंटाळा?

सलिल : हो. कंटाळा.

श्यामला : ठीक. मग चैताली येईपर्यंत मी नेते पोरीला माझ्याकडे. शाळेत मी सोडीन, मी आणीन.

सलिल : नाही.

श्यामला : का नाही?

सलिल : ती पंधरा मिनिटं माझी आहेत, आई. दिवसभरात तेवढीच. ती माझ्या मांडीवर पुस्तक ठेवते.

श्यामला : मांडी तुझी, वाचणारी भलतीच. हे घे पुस्तक. पान बारा. एक ओळ वाच, मी नाही नेत तिला.

सलिल : चष्मा सापडत नाहीये.

श्यामला : डोक्यावर आहे.

सलिल : नको ना, आई.

श्यामला : सलिल?

सलिल : येत नाही मला. साधं येतं, हळूहळू. जोडाक्षर आलं की गाडी अडते. कुठलं अक्षर कुठे चिकटलंय कळतच नाही. अंदाजाने ठोकून देतो. लिहायची तर वेगळीच बोंब. ऑफिसात सगळं इंग्रजीत, तिथे कोणाला पत्ता लागत नाही. सोसायटीच्या नोटिशीसुद्धा चैताली वाचते. तिला वाटतं मी आळशी आहे. वाटू दे.

श्यामला : काहीतरीच. इंग्रजी शाळेत होतास, तरी सातवीपर्यंत मराठी होतं तुला. रोज माझ्यापुढे धडा वाचायचास. घडाघडा!

सलिल : म्हणायचो. तू आधी एकदा वाचून दाखवायचीस, तेवढ्यात माझा पाठ व्हायचा. मग तू कणीक मळायला घ्यायचीस आणि मी पुस्तक धरून उभा. तुझे डोळे मिटलेले असायचे, इतकी दमलेली असायचीस. आठवीत फ्रेंच घेतलं आणि सुटलो.

श्यामला : पंचेचाळीस पोरांत कोण वाचतंय आणि कोण पाठ म्हणतंय, मला पाठमोरी असताना कळायचं.

सलिल : माहितीये.

श्यामला : दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. लोकांच्या पोरांना बाराखडी दिली आणि माझ्याच पोराचा धडा नुसता कानाने ऐकला. लाज वाटते मला, सलिल. तुझी नव्हे.

सलिल : म्हणूनच कधी बोललो नाही. एक कर. स्वरालीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटतं बाबाला सगळं येतं. तेवढं राहू दे.

श्यामला : नाही सांगणार. ती खालीच आहे. वाच तू.

सलिल : आत्ता?

श्यामला : मग कधी?

सलिल : ‘ज... जंगलात एक... वृ... वृ...’

श्यामला : वृद्—

स्वराली : शू! आजी, सांगू नको ना!

सलिल : तू कधी आलीस वर?

स्वराली : आत्ताच, पाणी प्यायला. आजी, बाबा थांबला की लगेच सांगायचं नसतं. त्याला वाईट वाटतं. मी तेव्हा पेन्सिलला टोक करत बसते, म्हणजे त्याला वाटतं माझं लक्षच नाहीये.

श्यामला : असं होय! आणि किती वेळ टोक करायचं?

स्वराली : त्याला येईपर्यंत.