चाळीस टक्क्याचा नियम

...नाल्यावर आंघोळीले गेलो तरी तेच! डोक्याले साबण लावला, डोळे मिटून बसलो, अन् मागून आवाज, "लटारूभाऊ, किती टक्के?" आता मले सांगा, साबणातून बॅटरी दिसते काय?

तुमाले सांगतो, हेमलकशाच्याही पुढं, जंगलात, आमचं पन्नास घराचं गाव. मोठी लाइन आलीच नाई. मंग शाळेमागं सोलरचे पॅनल लागले, खोलीत बॅटऱ्या ठेवल्या, अन् चाबी देली माह्या हातात. काऊन? तं म्या सिरोंच्याले सहा महिने जळालेल्या मोटरी बांधाच्या दुकानात काढले होते. तिथी काय करत होतो ते कोणी इचारलंच नाई. चहा आणत होतो!

नियम एकच. बॅटरी चाळीस टक्क्यावर आली का घराघराची लाइन बंद, घर कोणाचंही असो. उरली ते उपकेंद्रातल्या फ्रिजले, त्यात लेकराईच्या लसी राह्यते. संघप्रिया सिस्टरबाईनं मले समोर उभं करून सांगितलं, "भाऊ, फ्रिज बंद पडला तं लस गेली. दुसरी याले महिना लागते, तेवढ्यात गोवर निघाला तं?" झालं! त्या दिवसापासून मी गावाचा दुश्मन. गुणवंतरावाच्या पोराच्या लग्नात डीजे बंद केला... नवरदेव एक पाय वर करून नाचत होता, पाय वरच राह्यला! गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "ठीक हाये लटारू. तुह्या घरीही लग्न निघन."

निघालं ना! करिष्माचं, माह्या एकुलत्या एक पोरीचं. पोरगी आठ दिवस आधी जवळ येऊन बसली. "बाबा, एक दिवस. फक्त माह्या लग्नाच्या दिवशी लाइन बंद नोका करू, सासरचे हासतीन." म्या हो म्हटलं. काऊन नाई म्हणू? भर दुपारचं लग्न, ऊन तापन, पॅनल चालन, चिंता कायची? अन् तीन दिवस आधीपासून आभाळ! वैशाखात! लग्नाच्या सकाळी पाहतो तं बासष्ट टक्के.

तरी निभलं असतं हो... पण आहेर! आमच्याकडं आहेर मायकावर पुकारतेत. पहिले काय राहाचं, गंज, गुंडी असे भांडे, नाईतं लुगडं. पुकारलं, टाळी वाजली, संपलं. पण गावात लाइन आल्यापासून ज्याले त्याले विजेचंच सामान द्याचं हाये! मायकावरून पत्रू पुकारते, "लच्छूभाऊकडून एक मिक्सर!" तं खुर्चीवरून गुणवंतराव, "अरे पत्रू, चालू करून दाखव ना! बिघडलेला निघाला तं पोरीनं सासरी काय कराचं?" बराबर हाये, म्हणते सारं गाव. लावला. घर्रर्र! सोमाजीचा पंखा? लाव! कमलाबाईची विजेची शेगडी? लाव, तिच्यावर काही नसलं तरी लाव! अन् दुसरा लावताना पहिला बंद करतेत काय? छे! देणाऱ्याचा अपमान! शेवटी गुणवंतरावानं स्वतः देला कूलर... हा येवढा, कपाटासारखा. त्याच्यासमोर नवरदेवाचा फेटा उडाला.

मी पळालो बॅटरीच्या खोलीत. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. खिडकीत गावातला कोलू येऊन उभा, "लटारूभाऊ, किती टक्के?" अरे दम घे ना बापा! दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, नऊ लेकरं. आभाळाकडं पाह्यलं, सूर्य कुठी दिसेना. पोरीले हो म्हटलेलं आठवलं. चाळीस आले अन् म्या मेनचा खटका पाडला.

मांडवात येऊन पाहतो तं मिक्सर, पंखा, कूलर सारं बंद. पत्रूचं तोंड हालून राह्यलं, आवाज नाई. गुणवंतराव मिशीत हासले. अन् करिष्मा बाशिंग बांधलेली, माह्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "तुमी हो म्हटलं होतं, बाबा." जीव तुटला हो माहा. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात नऊच्या नऊ लेकरं सुई टोचल्यावर गळा काढून रडले, मी बाहेर उभा राहून ऐकत होतो, म्हटलं रडा लेकहो, रडा.

पोरगी वर्षभर बोलली नाई. अन् मजा पाहा, तिच्या सासरच्या गावात लाइनच नव्हती! मिक्सर, पंखा, शेगडी, कूलर, सारं माळ्यावर पोत्यात. मंग गेल्या साली तिथीही पॅनल लागले. चाबी कोणाले द्याची? "सूनबाईचा बाप तेच काम करते," म्हणे, करिष्माले द्या! अन् एका सकाळी फोन... "बाबा, बॅटरीच्या तारेले हिरवं धरलं, कायनं पुसू?" वर्षानं पहिला शब्द! म्या सोडा सांगितला, गरम पाणी सांगितलं, फोन ठेवला अन् डोळे पुसले.

परवा गेलो पाहुणा म्हणून. जवायानं चटई टाकली, तोच गुणवंतरावाचा कूलर माह्या तोंडावर लावला, ताट आलं. पहिला घास उचलला... अन् कूलर थांबला.

म्या आवाज देला, "करिष्मा, बाप आला हाये व, एक दिवस तं..." बोलता बोलता थांबलो. मंग सवयीनं इचारलं, "किती टक्के?"

बॅटरीच्या खोलीतून आवाज आला, "चाळीस, बाबा."

काय करता... डाव्या हातानं टोपीचा वारा घेतला, अन् जेवलो.