साहेबांच्या ड्रॉवरमधला चेक

माणसांचा मानपान ठीक आहे रे, पण चेकचासुद्धा मानपान करणारा मूर्ख मी आमच्या तासगावच्या बँकेतच बघितला. तिथला मॅनेजर.

पोरीची कॉलेजची फी भरायला एकच दिवस उरला होता, म्हणून चेक घेऊन गेलो. म्हटलं, "साहेब, एवढा जरा लवकर पाठवा."

मान वर न करता म्हणाला, "ट्रेमध्ये टाका. सगळ्यांचा जाईल तेव्हा तुमचा जाईल."

तेवढ्यात बेदाण्याचे बडे व्यापारी आबासाहेब आले. लगेच हा खुर्चीतून उठला, चहा सांगितला, त्यांचा चेक दोन्ही हातांनी घेतला. क्लार्क बाईंना म्हणाला, "हा त्या ढिगात नको. मी स्वतः सगळ्यात आधी स्कॅन करून पाठवणार." चेक ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात घालून मिरजेला मीटिंगला निघून गेला!

बाईंनी ट्रेमधले सगळे चेक दुपारीच पाठवले. संध्याकाळी माझा वटला.

दुसऱ्या दिवशी फी भरून मुद्दाम बँकेत गेलो. आबासाहेब लालबुंद. "आवं, माझा चेक गेलाच न्हाई व्हय?" साहेबानं ड्रॉवर उघडून तोच चेक बाहेर काढला.

मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, माझा कालच जमा झाला हो!"

साहेब घाईघाईनं चहा सांगायला लागला. आबासाहेबांनी त्याच्या हातातला चेक ओढून घेतला आणि बाईंना दिला. "ह्यो ट्रेमधीच टाका, बाई. ह्येंचा मान मला लय म्हाग पडतुया."