अलोइस अठरा वर्षांचा आहे

अठरा. कितीदा सांगायचं? अठरा पुरी झाली, ह्या पस्तीस साली गहू कापायला आला की एकोणीस होतील — त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय गेलाय, इकडे बाकावर या — आणि टोपी टेबलावर ठेवू नका साहेब, धुळीनं भरेल. खिडकीला ओली चादर बांधलीय, दाराखाली चिंध्या कोंबल्यात, तरी आत येतेच ती. ताटं पालथी का, म्हणून काय बघताय? तुमच्याकडे राजधानीत उताणी ठेवत असतील, आम्ही वाढायच्या वेळी उलटतो. जेवून जा. म्हातारी आत शेवया कापायला पोळी लाटतेय, लाटण्याचा आवाज येतोय तो तिचा. आणि बाहेरून दुसरा येतोय ना, तो अलोइस. कोठाराच्या भिंतीला पिंपाची कडी ठोकलीय, तिच्यात चेंडू टाकत असतो. कडीतून गेला की एकच आवाज, जमिनीचा. चुकला की दोन, आधी भिंतीचा, मग जमिनीचा. मी इथे बसून सांगतो किती गेले आणि किती नाही. शाळेतून आला की गाईला वैरण, मग हेच, अंधार पडेपर्यंत. शनिवारी बास्केटबॉलचा सामना आहे. तुम्हाला कशाला सांगतोय, तुम्ही त्याच्यासाठीच आलात. तो खेळणार की भिंतीकडेला बसून दुसऱ्यांचे कोट सांभाळणार, ते आता तुमच्या हातात.

तक्रार कुणी केली ते मला सांगू नका, मला माहीत आहे. पलीकडच्या गावानं. हरल्यावर वय आठवलं त्यांना. जिंकले असते तर अलोइस पन्नास वर्षांचा असता तरी चालला असता. काय म्हणे, त्याला दाढी आहे. असेल. आमच्या घरात दाढी लवकर येते, मला पंधराव्या वर्षी मिशी होती, माझ्या आईलाही थोडी होती. आणि कपाळावरचे केस मागे गेलेत म्हणाल तर ते धुळीनं, माझेही गेले. नियम माहीत आहे हो मला. वीस पुरी झालेला पोरगा शाळेच्या संघात चालत नाही. चांगला नियम आहे, बाप्ये माणसं पोरांत खेळायला लागली तर पोरांची हाडं मोडतील. पण अलोइस अठराचा आहे, मग त्या नियमाचं आणि आमचं काय भांडण?

मला शाळेचं कौतुक नाही, आधीच सांगतो. मी तिसरीत सोडली, तीही जर्मन शाळा, तुमच्या लेखी ती शाळाच नव्हे. आणि आता तिथे काय काय मंडळं निघालीत — नाटक मंडळ, वक्तृत्व मंडळ, लॅटिन मंडळ — लॅटिन आमचे पाद्रीबाबा बोलतात तेवढं पुरे नाही? कर भरायला गावात कुणाकडे काही नाही, मास्तरांना पगारात कोंबड्या मिळतात, आणि पोरं मंडळं काढतायत. मी हेडमास्तरला तोंडावर बोललो. तो म्हणाला, आजोबा, बाहेर कामं नाहीत, मी मंडळं बंद केली तर ही पोरं उद्या मालगाडीच्या टपावर चढून निघून जातील. माझ्या भाच्याचे दोघं तसेच गेले. शेतकी मंडळाची एक डुकरीण आहे, तिच्या पिल्लांवर संघाच्या गाडीचं पेट्रोल निघतं. मुलींचं सामन्यात ओरडायचं मंडळ आहे — हसू नका, खरंच तेवढंच काम — त्यांनी पिठाच्या पोत्यांचे सदरे शिवले आणि बिटाच्या पाण्यात बुडवून लाल केले. पहिल्याच सामन्यात पोरांना घाम फुटला, रंग ओघळायला लागला, पंचानं खेळ थांबवला. त्याला वाटलं कुणाचं तरी डोकं फुटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा बघायला गेलो होतो. चिडायलाच गेलो होतो खरं तर. आणि मग हा पोरगा चेंडू आपटत पळाला आणि — जाऊ दे. तुम्ही बघितलाय त्याला. बघितला नसता तर एवढ्या धुळीत गाडी काढून इथवर आला नसता.

शनिवारी कॉलेजचा मास्तर येतोय. मुद्दाम, अलोइससाठी. आवडला तर फी माफ, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि बदल्यात फक्त खेळायचं आणि शिकायचं. चार वर्षं दोन वेळचं जेवण, साहेब. आमच्याकडे दोन वर्षं पीक नाही. नाही आवडला, किंवा त्याला उतरूच दिलं नाही, तर मेमध्ये तो कोलोरॅडोला मजुरीवर बिटाची रोपं विरळायला जाईल, ओणवा होऊन, मी गेलो तसा, त्याचा बाप गेला तसा. आणि तिथून कुणी परत कॉलेजात गेलेलं मी पाहिलं नाही.

जन्म तिथलाच त्याचा. बिटाच्या हंगामात, शेताच्या कडेच्या झोपडीत. तिथेच कुठल्याशा चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, कुठल्या ते आठवत नाही, म्हातारीलाही नाही. वयाचा कागद नाही, म्हणून तर तुम्हाला माझ्यापर्यंत यावं लागलं. घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द चालतो असं तुम्हीच म्हणालात, मग घ्या माझा शब्द. आई बाळंतपणानंतर टिकली नाही, बाप मळणीयंत्रात हात सापडून गेला, पोर एकुलतं एक, आम्ही दोघांनी वाढवलं. बाप गेला तेव्हा यानं शाळा सोडली आणि नांगर — सोडली म्हणजे, सोडली नाही, जाऊन येऊन होता. कामाच्या दिवसांत घरी, बाकी शाळेत. सगळ्यांची पोरं तशीच करतात. ऐकलंत? म्हातारीनं लाटणं आपटलं. तिला वाटतं मी फार बोलतो. लग्नाला बावन्न वर्षं झाली, तिचं तेच मत आहे.

काय म्हणालात? परत म्हणा. भित्रा? अलोइस?

गप्प राहतो म्हणून? तुम्ही अंगणात त्याला वय विचारलं आणि तो खाली मान घालून उभा राहिला, म्हणून तो भित्रा? कॉलेजात मोठ्या पोरांपुढे टिकणार नाही म्हणता? साहेब, तुम्ही पाहुणे आहात म्हणून मी बसून बोलतोय. ह्या घरात भित्रं कुणी जन्मलं नाही, आणि त्याच्याबद्दल तर हे कुणी बोलूच नये. थांबा, सांगतो. आमच्यात नव्या वर्षाच्या सकाळी पोरं दारोदार जातात, उभं राहून शुभेच्छा म्हणतात, चांगल्या बारा ओळी, आमच्या भाषेत, मग घरची माणसं हातावर गोड ठेवतात. जर्मनीशी युद्ध लागलं त्या हिवाळ्यात आमची जर्मन भाषा बंद झाली. रस्त्यात बोलायची नाही, चर्चमध्ये नाही. सतरा साल संपून अठरा लागलं त्या सकाळी गावाबाहेरून तिघंजण आले, पिवळ्या रंगाची बादली घेऊन. ज्याच्या दारात आमची भाषा ऐकू येईल त्याचं दार पिवळं करायचं, फितूर म्हणून. सगळ्या गावानं पोरं आत कोंडली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी ह्याच दाराच्या आत उभा होतो, मी, एवढा बाप्या, पडदा धरून. आणि हा पोरगा माझ्या पायांमधून निसटला. बापाची टोपी डोक्यावर, डोळ्यांपर्यंत आलेली. सरळ बादलीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्या शुभेच्छा म्हणाला, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, एक शब्द न गाळता, मोठ्यांदा. घरात सुख राहो, गोठ्यात दूध राहो, आणि मेल्यावर स्वर्ग मिळो. मग वाकून नमस्कार केला आणि हात पुढे केला, गोड द्या म्हणून. बादलीवाल्यानं खिसे चाचपले. काही नव्हतं त्याच्याकडे. शेवटी त्यानं बादली खाली ठेवली, हातमोजा काढला, आणि त्या एवढ्याशा हाताशी हात मिळवला. गेले तिघं. ह्या गल्लीतलं एकही दार त्यांनी पिवळं केलं नाही. भित्रा म्हणे. गावात कुणालाही विचारा त्या सकाळी कोण बाहेर आलं होतं.

असे काय बघताय?

लाटणं का थांबलं? अगं, लाट ना. काही झालेलं नाही.

लवकर बोलायला लागला तो. काही पोरं लागतात. दीड वर्षाचं पोर बारा ओळी — नाही, बरोबर आहे तुमचं, दीड वर्षाचं पोर भाकरी मागतं फार तर. मग तो अलोइस नसेल. थोरला असेल. मी म्हातारा माणूस, घोळ होतो माझा, त्याचा थोरला भाऊ — एकुलता एक, असं मीच सांगितलं ना मघाशी.

हं.

ऐका. बसा, टोपी घालू नका, एकच ऐका. बाप गेला तेव्हा माझा गुडघा गेलेला होता. तीन वर्षं त्यानं नांगर धरला म्हणून ह्या घरात चूल पेटली, मग पाऊस थांबला, नांगराला काही उरलं नाही, तेव्हा कुठे तो परत त्या बाकांवर जाऊन बसला, त्याच्याहून लहान पोरांत, गुडघे बाकात मावत नसताना. ती तीन वर्षं धरू नका त्याच्या वयात. ती त्याची नव्हती साहेब, ती आमची होती. आमच्या वयात मांडा. आमच्याकडे एवढी झालीत, तीन आणखी झाली तर कुणाला जड आहे?

नाही म्हणजे नाही. कळलं. नियम तुम्ही केलेला नाही, तेही कळलं. खोटं मी बोललो, त्यानं तोंड उघडलं नाही, एवढं तरी तिकडे सांगा. मान खाली का घातली होती ते आता आलं ना लक्षात? त्याला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं होतं, तू गप्प राहा, आजोबा बोलतील.

आजोबा बोलले.

जेवणाचं राहू दे आता. तिच्यानं वाढवणार नाही. जा तुम्ही. अहो, तिकडून नको, कोठारापुढून जाऊ नका, तुमच्या तोंडाकडे बघितलं की कळेल त्याला. मागच्या दारानं जा, कुंपणाच्या कडेनं गाडीपाशी निघता येतं. आणि गाडी लगेच सुरू करू नका. ऐकताय ना, मघापासून एकेकच आवाज येतोय, भिंतीचा नाहीच. टाकू दे थोडा वेळ.

जा.