संत्र्याच्या झाडाखालचा गुप्तहेर

…आणि वर मलाच म्हणतात, 'केसाळ पायाचा'! आता तुम्हाला सांगतो, आमच्या असुन्सिओनमध्ये खबऱ्याला केसाळ पायाचा म्हणतात. का, तर म्हणे त्याच्या तळव्याला केस असतात, चालताना आवाज होत नाही, मांजरासारखा येतो, ऐकतो, जातो. बरं, म्हणा! पण मला? अहो, मी गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकलं की शेवटच्या घरातलं कुत्रं उठून बसायचं! उजव्या बुटाचा तळ सुटलेला, फटॅक… फटॅक… आणि आठ वर्षं ट्रामवर कंडक्टर, त्यामुळे तोंड उघडलं की अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा आवाज. असल्या माणसाला त्यांनी पाळतीवर नेमलं! आता ह्यात माझी चूक काय, सांगा!

झालं असं, की आमचा ट्रामचा मार्ग बंद पडला. मेव्हणा म्हणाला, "खात्यात जागा आहे. बसून काम." मी 'बसून' एवढंच ऐकलं. 'खात्यात' हा शब्द ऐकलाच नाही. आणि त्या काळात खातं म्हटलं की कुठलं, हे शेंबडं पोरही सांगायचं… त्या इमारतीसमोरून जाताना माणसं फुटपाथ बदलायची, आत गेलेल्या माणसाबद्दल घरातसुद्धा हळू बोलायची. बायकोला, सुनिल्दाला, सांगितलं तर ती कपडे पिळता पिळता थांबली. "बाउदिलियो, तुला पाळत जमेल? आपल्या लग्नात तुला नवरी ओळखता आली नव्हती." अहो, दोघी बहिणी बुरख्यासारख्या जाळ्या घालून उभ्या! असो.

तर ओवेलार साहेब. आमचे वरिष्ठ. मिशी अशी, की ओठ दिसायचे नाहीत, आवाज कुठून येतोय तेच कळायचं नाही. "बाउदिलियो. मास्तर गाओना. निवृत्त. भाषा शिकवायचा. त्याच्या घरी बायका येतात."

मी म्हटलं, "साहेब, ह्या वयात…?"

"तसल्या नव्हेत, गाढवा! काळ्या कपड्यातल्या. का येतात ते बघ. रोज दुपारी एक ते चार. आणि दिसायचं नाही."

एक ते चार! तुम्हीच सांगा, एक ते चार आमच्याकडे रस्त्यावर असतं कोण? चाळीस अंशाचा उन्हाळा, दुकानं बंद, खिडक्या बंद, पोलीस झोपलेला, पाद्री झोपलेला, सरकारसुद्धा झोपलेलं! अख्ख्या रस्त्यावर एक संत्र्याचं झाड आणि झाडाखाली मी. आणि दिसायचं नाही!

पहिल्या दिवशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि मास्तर स्वतः बाहेर आले. सत्तरीचा माणूस, पायजमा, खांद्यावर पंचा, आणि हातात वेताची खुर्ची. झाडाखाली ठेवली. "बसा. उन्हाने पडलात तर मला तुम्हाला उचलता यायचं नाही." आत गेले आणि तेरेरेचा पेला घेऊन आले… बर्फाचं पाणी, कडू पाला, एकच नळी. आधी त्यांनी ओढलं, मग भरून मला दिलं. आता नाही म्हणायचं? चाळिसाच्या उन्हात? शत्रूसुद्धा नाही म्हणणार नाही! मी प्यालो. आणि आमच्याकडे एकदा एका नळीने प्यालं ना, की मग त्या माणसाशी वाकडं वागणं फार अवघड जातं हो. आता ह्यात माझी चूक काय, सांगा!

पण चूक झाली ती बटाट्याची. ती माझी. कबूल.

मी वहीत लिहायचो ना, कोण आलं, कोण गेलं. एकदा शेजारणीचा बाप आला, ठार बहिरा म्हातारा, तासभर मास्तरांशी ओरडून बोलून गेला. मी लिहिलं. आता आमच्या लिपीत 'बाप' लिहिताना शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ द्यावी लागते. ती राहिली तर बापाचा होतो बटाटा. मी ट्रामवाला, मला काय ठाऊक? खात्यात अहवाल गेला: 'दुपारी दोन वाजता बटाटा आला. तासभर चर्चा केली. बटाटा संतापलेला होता.'

दुसऱ्या दिवशी ओवेलार साहेबांनी मला बोलावलं. चक्क उठून उभे राहिले! "बटाटा कोण?"

खरं सांगावं, तर 'लिहिता येत नाही' म्हणून घरी पाठवतील. आणि त्या खात्यातून घरी पाठवतात असंही ऐकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब… चौकशी चालू आहे."

"टोपणनाव आहे! मोठा मासा आहे! सोडू नकोस!"

झालं! फाइल उघडली. तिच्यावर जाड अक्षरांत 'बटाटा'. मग मी रोज लिहायचो, आज बटाटा आला नाही, आज बटाट्याचा निरोप नाही… तीन आठवडे! शेवटी कंटाळून लिहिलं, 'बटाटा परदेशी गेल्याचे समजते.' मला वाटलं, मिटलं. तर साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणतात, "निसटला? तुझ्या डोळ्यांदेखत? की तूच सोडलास?"

त्या 'तूच'वर मी घामाने निथळलो, तुम्हाला सांगतो.

त्याच गडबडीत वही मास्तरांच्या खुर्चीवर विसरलो! धावत परत गेलो, फटॅक फटॅक, तर मास्तर ओसरीवर बसून माझी वही वाचतायत. हातात लाल पेन्सिल. मी म्हटलं, संपलं. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते. "बाउदिलियो, संतापलेला बटाटा!" मग डोळे पुसले. "माझ्यावर पाळत आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पण इतकं अशुद्ध लिहून ठेवणार असशील, तर माझा जीव जायचा तो जाईल, पण भाषा जायला नको. उद्यापासून लवकर ये."

आणि मी गेलो! रोज पाऊणला! खबऱ्या संशयिताकडे शिकवणीला! मास्तर सांगायचे, "हे अक्षर लिहायचं, पण उच्चारायचं नाही. तुझ्यासारखं. हजर असतं, बोलत नाही." दोन महिन्यांत माझे अहवाल असे झाले, की मलाच वाचावेसे वाटायचे. 'संशयिताने कोंबड्यांना दाणे टाकले; एक कोंबडी दूरच राहिली.' त्या अर्धविरामासाठी मी अख्खी दुपार घालवली होती!

आणि तोच नडला. ओवेलार साहेबांनी कागद उजेडात धरला. "हे काय?"

"अर्धविराम, साहेब."

"चार महिन्यांपूर्वी तुला स्वतःचं आडनाव लिहिता येत नव्हतं. अर्धविराम कोण देतं तुला?"

"साहेब, सराव…"

साहेबांची मिशी हलली फक्त. आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या झाडाखाली एक जाडगेला माणूस. वेनान्सियो नाव. वर्तमानपत्र उलटं धरलेलं. मास्तरांवर मी, आणि माझ्यावर वेनान्सियो! मी चांगलं काम करायला लागलो, तर माझ्यावर पाळत! आता ह्यात माझी चूक काय, सांगा! मास्तरांनी काय करावं? दुसरी खुर्ची आणली. वेनान्सियो बसला, दोनदा तेरेरे ओढला आणि घोरायला लागला.

आता त्या बायकांचं सांगतो. हे हसण्यासारखं नाही. त्या यायच्या त्या अर्ज लिहून घ्यायला. कुणाचा भाऊ नेलेला, कुणाचा नवरा, वर्ष वर्ष पत्ता नाही. मास्तर लिहायचे, न्यायाधीशाला, बिशपला, परदेशी वकिलातींना. मला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. वहीत मी लिहायचो 'बायका कोंबडीची अंडी नेतात.' का लिहायचो, विचारू नका. अंडी लिहिताना ते मुकं अक्षर लागतं, सराव व्हायचा.

एक दिवस तोमासा नावाची बाई आली, काआकुपेहून, वीटभट्टीवरची. मास्तर आत होते. मला त्यांचा माणूस समजली आणि म्हणाली, "भाऊ, नीट लिहायला सांगा हं. इसाबेलिनो रोतेला. चौदा महिने झाले. सासू म्हणते, गेला समज, काळं नेस. मी अजून नेसले नाही."

इसाबेलिनो रोतेला… अहो, हे नाव मी ऐकलं होतं! खात्याच्या बोळात सकाळी जेवणाच्या डब्यांची यादी मोठ्याने वाचायचे. पाचवं नाव. रोज. मेलेल्या माणसाला कोण डबा देतं?

सांगितलं तर मी मेलो. गप्प बसलो तर ती काळं नेसणार. आणि माझा आवाज तर ट्रामचा! आयुष्यात पहिल्यांदा मी हळू बोललो. "बाई, नेसू नका. काल सकाळपर्यंत आहे तो."

तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. सोडेना. मी मान वळवली, तर वेनान्सियोचे डोळे उघडे.

दाराशी आलेल्या मास्तरांनी ते ऐकलं, मला आत नेलं. "नक्की?" म्हटलं, "डब्यांच्या यादीत पाचवा." त्यांनी त्याच दुपारी अर्ज लिहिला, 'सदर इसम आपल्याच ताब्यात जिवंत असल्याचे खात्रीलायक कळते.' कच्चा खर्डा मला वाचायला दिला, चुका दिसतात का बघ म्हणाले. मी तो वहीत ठेवला. आणि शनिवारी सकाळी दहा वाजता ती वही, त्या खर्ड्यासकट, खात्यात जमा करून आलो!

आठवलं कुठे? ट्राममध्ये. असा ओरडलो, की ड्रायव्हरने ब्रेक मारला. परत जाऊन मागू? काय म्हणून मागू? मग डोकं चाललं. साहेब वह्या वाचतात झोप झाल्यावर, चारनंतर. म्हणजे हाताशी उरली ती दुपार!

घरी गेलो. "सुनिल्दा, चल." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक गाठोडं बांधलं. मास्तरांकडे गेलो, तर ते म्हणतात, "एवढं वाक्य पुरं करतो." मी म्हटलं, "मास्तर, जागच्या जागी पूर्णविराम द्या आणि उठा!" एक वाजता नदीवर. पलीकडे क्लोरिंदा, परका मुलुख, काठावर नावाडी, आणि मध्ये पहारेकरी, टोपी तोंडावर ओढून झोपलेला. मी बूट काढले. तापलेली वाळू, अनवाणी, दीडशे पावलं… तळपाय भाजले, तोंडात पंचा कोंबला, पण आवाज नाही केला. पलीकडे उतरलो तेव्हा सुनिल्दा म्हणाली, "आज पाळतीवर असतास तर शोभला असतास."

सोमवारी खात्याने मास्तरांचं घर फोडलं. कोंबड्यासुद्धा नेल्या. म्हणजे मास्तर वाचले. इसाबेलिनो दोन वर्षांनी सुटला. अर्जाने सुटला की कशाने, कोण सांगणार, पण तोमासा त्याला घेऊन नदी ओलांडून भेटायला आली होती. मास्तर नवव्या वर्षी गेले, तिथेच, परक्या मातीत. आणि मी? सोळा वर्षं! सोळा वर्षं क्लोरिंदाच्या बसस्टँडवर पाव विकले, रात्री दार वाजलं की पलंगाखाली. का? तर तिकडे माझ्या नावाने फाइल आहे, माझा शोध चालू आहे!

मग सरकार पडलं, कागद सापडले, ज्याची त्याची फाइल दाखवायला लागले. परवा आम्ही दोघं गेलो. माझी फाइल… आठ पानं. वेनान्सियोचं अक्षर, ओवेलार साहेबांची सही. शेवटचं पान, मी पळालो त्याच्या आदल्या दिवसाचं, शुक्रवारचं. लिहिलंय: 'इसम दिवसभर खुर्चीवर बसतो. एका बाईने त्याचा हात धरला असता घाबरला. त्याचा सरकारला उपयोग नाही आणि सरकारच्या शत्रूंनाही नाही. निरुपद्रवी. पाळत बंद करावी.'

शुक्रवारी! आणि पुढे एक अक्षर नाही. सोळा वर्षं मला कुणी शोधतच नव्हतं!

सुनिल्दाने दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाली, "हुशार होता हो वेनान्सियो. त्याला आठ पानांत कळलं, मला संसाराची एकवीस वर्षं लागली."

त्या पानाच्या नकलेसाठी अर्ज दिलाय. तीन आठवडे लागतात म्हणे.